बारा ओळींचं पान

वर्धा जिल्ह्यातल्या ज्या गावच्या सरकारी दवाखान्यात मी अकरा वर्षं गोळ्या मोजल्या, त्या गावाचं नाव मी सांगणार नाही. सिंदीचे लोक हे वाचून म्हणतील, ही गोष्ट कारंज्याची. कारंज्याचे म्हणतील, छे, असलं सिंदीलाच शोभतं. दोघांनी खुशाल भांडावं. बाबूजींचं नावही सांगणार नाही, पण ते माझ्या स्वतःच्या भल्यासाठी. मी त्यांच्यावर लिहितोय हे त्यांना कळलं असतं, तर त्यांनी मला आधी कलम ऐकवलं असतं, मग पोटकलम, आणि कागद काढून घेतला असता.

बाबूजी आमच्या दवाखान्याचे कारकून. जन्म-मृत्यूची नोंद, हजेरी, पगारपत्रक, सगळं त्यांच्याकडे. पण जीव एकाच रजिस्टरात. बाहत्तर साली गर्भपाताचा कायदा लागू झाला, मागाहून त्याचे नियम आले, आणि नियमांत एक वाक्य आलं: गर्भपातासाठी दाखल होणाऱ्या बायांचं रजिस्टर हा गोपनीय दस्तऐवज आहे, तो कोणाला पाहायला द्यायचा नाही. नाव फक्त त्या एका रजिस्टरात. केसपेपरवर, ऑपरेशनच्या वहीत, माझ्याकडे येणाऱ्या औषधाच्या चिठ्ठीवर नुसता नंबर आणि साल. आणि महिन्याच्या शेवटी वर पाठवायचा तो नुसता आकडा. हे वाक्य कोणीतरी दिल्लीत बसून सगळ्या देशासाठी लिहिलं होतं. बाबूजींनी ते आपल्याला आलेलं खाजगी पत्र समजून वाचलं.

कायद्याचं पातळसं पुस्तक ते खाकी कागदाचं वेष्टण घालून टेबलाच्या खणात ठेवत. रजिस्टर लोखंडी कपाटात, लाल फडक्यात बांधलेलं. कपाटाला दोन कुलपं. एक किल्ली डॉक्टरीणबाईंकडे, दुसरी बाबूजींच्या जानव्याला. आंघोळीलासुद्धा ती किल्ली त्यांच्याबरोबर जायची, त्यामुळे तिच्यावर गंज चढलेला आणि कुलूप उघडायला अर्धा तास. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "बाबूजी, चोर आला तर बिचारा कंटाळून जाईल."

'गोपनीय' असा एक रबरी शिक्का सरकारने दिला होता, कारण संमतीपत्राचे लखोटे बंद करून त्यावर तसं लिहावं लागायचं. शिक्का हातात आल्यावर बाबूजींना राहवलं नाही. तो हळूहळू पसरत गेला. त्यांच्या डब्यावर एके दिवशी 'गोपनीय' उमटलं. त्यात मिरचीचा ठेचा असायचा आणि तो मी रोज चोरायचो. शिक्का पाहून मी दोन दिवस खरोखर थांबलो.

त्यांना दोन भाषा यायच्या. खुर्चीवर बसले की पुस्तकी मराठी, क्रियापदासकट. खुर्चीवरून उठले, पानठेल्याकडे दोन पावलं टाकली, की वऱ्हाडी. खुर्चीवरून म्हणायचे, "सदर माहिती देता येणार नाही." ठेल्यावर तीच गोष्ट व्हायची, "मले काऊन पुसतं बे, मी काई सांगत नसतो."

रस्त्याने मात्र ते कोणत्याच भाषेत बोलत नसत. मान खाली घालून चालायचे. कोणा बाईला ओळख द्यायची नाही हा नियम. एकीला नमस्कार केला की पाहणारा म्हणणार, हा हिला कुठून ओळखतो. म्हणून त्यांनी सगळ्यांनाच ओळखणं बंद केलं. सख्ख्या मावशीला ते एस.टी. स्टँडवर ओलांडून गेले, तर मावशी पुढे दोन वर्षं त्यांच्या घरी पाणी प्यायली नाही. एकदा बाजारात मान खालीच असताना समोर म्हैस आली. तिला धडकले, "माफ करा बाई" म्हणाले आणि वळसा घालून निघून गेले. हे मी गावभर सांगितलं. मी सांगितलं नसतं तर म्हशीने सांगितलं असतं.

पुढे त्यांच्या कानावर आलं की लोक आता त्यांच्या मानेवरच लक्ष ठेवून आहेत. जिला पाहून बाबूजी मान जास्त खाली घालतात, ती नक्की येऊन गेली, असा शोध ठेल्यावर लागला होता. झालं. बाबूजींनी घरी आरशापुढे उभं राहून मान किती वाकवायची ते ठरवलं, आणि त्या दिवसापासून म्हैस असो की तहसीलदारीणबाई असो, मानेचं माप एक.

बाबूजींच्या बायकोचं, म्हणजे आमच्या वहिनींचं, दुःख वेगळंच होतं. मला म्हणायच्या, "भाऊजी, सगळ्या गावचं या माणसाले माहीत, आन् मले घरी बसून एक गोष्ट कळत नाई. तुम्हीच येत जा बसाले." मी जायचो. मला सांगायची हौस, त्यांना ऐकायची. बाबूजी तिथेच झोपाळ्यावर बसून सगळं ऐकायचे आणि मधूनच म्हणायचे, "यातलं एक अक्षर खरं नाई."

आता त्या आकड्याविषयी. महिन्याचा तक्ता वर जायचा त्यात नाव नसे, पण वय, मुलं किती, धर्म, कारण, असे रकाने असत. तक्त्यात चार बाया असल्या की बाबूजी खूष. एकच असली की त्या दिवशी डबाही उघडत नसत. मी विचारलं, तर म्हणाले, "चार म्हणजे गर्दी. गर्दीत माणूस सापडत नाही. एक हा आकडा फार उघडा असतो. वय पस्तीसच्या वर, मुलं पाच, अशी आपल्या भागात कितीजणी असणार? तक्ता टाइप करणारा माणूसही कुठल्यातरी गावचाच असतो." तसला तक्ता ते टपालाने पाठवत नसत. एक दिवसाची रजा टाकून एस.टी.ने स्वतः वर्ध्याला नेऊन द्यायचे.

एकदा वरून एक साहेब तपासणीला आले. माणूस भला होता, फक्त त्याला सगळं पडताळून पाहायची सवय. "आकडा बरोबर कशावरून? दोन-चार नावं दाखवा, मी घरी जाऊन विचारून घेतो." बाबूजींनी उठून साहेबांना स्वतःची खुर्ची दिली, पुस्तक उघडून समोर ठेवलं आणि म्हणाले, "साहेब, आकडा खोटा वाटत असेल तर तुम्ही तो कमी करा, वाढवा, माझी तक्रार नाही. नाव पाहायचं असेल तर हे वाचून खाली लिहून द्या की वाचूनही मागतो आहे." साहेबांनी वाचलं. मग त्यांनी माझ्या खोलीत येऊन खोकल्याच्या बाटल्या मोजल्या आणि त्या बरोबर निघाल्या.

या माणसाला हे वेड कशाने लागलं, हे मी एकदाच विचारलं. आम्ही ठेल्यावर होतो, म्हणजे उत्तर वऱ्हाडीत आलं. "कायद्याच्या आंधी मी काय लिवत होतो, माहीत हाये काय? मृत्यूचं रजिस्टर. बाई कोण्या दाईकडून करून येये, आठ दिवसानं तापानं फणफणून इथं येये, आन् मी लिवो, कारण ताप. नाव पूर्ण, नवऱ्याचं नाव, गाव, सगळं साजऱ्या अक्षरात. तवा कोणीच म्हणत नव्हतं का नाव लपवा." एवढं बोलून त्यांनी पान थुंकलं आणि मला विचारलं, मी म्हशीची गोष्ट कोणाकोणाला सांगितली.

या पार्श्वभूमीवर एका जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ते चौघे आले.

त्याच्या दहा-बारा दिवस आधी दोन कोसांवरच्या एका गावची सून आईला घेऊन आली होती. मागच्या ओसरीवर पदर कपाळापर्यंत ओढून बसलेली मी तिला पाहिली. ओळखली, कारण तिच्या तीन मुलींना माझ्याच हातचं औषध. तिसरीच्या वेळी तिला इतकं रक्त गेलं होतं की वर्ध्याला न्यावं लागलं, आणि डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच बजावलं होतं, आता पुन्हा नको, जिवावर बेतेल. नवरा ट्रकवर, महिना महिना बाहेर. घरी सासऱ्याचं राज्य, आणि सासऱ्याला नातू हवा. भिंतीपलीकडून मला बाबूजींचा आवाज आला होता, "अंगठा फक्त तुमचा लागतो. नवऱ्याचा नाही, सासऱ्याचा नाही, माझा तर नाहीच." तिने जाताना माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं हे तिने पाहिलं.

दवाखान्याच्या फाट्यावर उतरताना तिला कोणीतरी बघितलं असावं. दहा-बारा दिवसांनी भर दुपारी सासरा आला. त्याला सगळे पाटील म्हणत. बरोबर त्याच्या गावचा सरपंच, कापसाचा एक अडत्या आणि शाळेचे हेडमास्तर. बाहेर बैलगाडी उभी होती आणि गाडीत ती सून बसली होती, धाकटी मुलगी मांडीवर. डॉक्टरीणबाई त्या दिवशी ट्रेनिंगला नागपूरला. मी हातातलं काम टाकून बाबूजींच्या खोलीत गेलो. काही मदत करायला नव्हे. मला असं काही चुकवता येत नाही.

"बसा पाटील," बाबूजी म्हणाले.

"बसाले नाई आलो," पाटील म्हणाला. "एकच पुसाचं हाये. माही सून इथं आलती का नाई? आलती असन तं आजच तिले माहेरी नेऊन सोडतो, कायमची. पोरी माह्या घरी राहतीन. नसन आली तं तुमच्या पाया पडून जातो."

मला वाटलं, बाबूजी सरळ 'नाही' म्हणतील. किती सोपं होतं. ते म्हणाले, "पाटील, आज तुमच्यापुढे नाही म्हटलं आणि उद्या दुसऱ्या कोणापुढे गप्प बसलो, तर त्या दुसऱ्या घरातल्या बाईचं काय होईल? म्हणून मी होय म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. कोणाच्याच बाबतीत."

"बाबूजी, तुम्ही तं कीर्तन करून राह्यले," सरपंच म्हणाला.

अडत्याला माणसांची पारख होती. तो म्हणाला, "यायले सोडा. या कंपाउंडरले पुसा. याच्या पोटात काई राह्यत नाई."

चौघेही माझ्याकडे वळले. चार प्रतिष्ठित माणसं श्वास रोखून माझ्या तोंडाकडे बघताहेत, असा प्रसंग मला पुन्हा आला नाही. मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते मला आजही सांगता येत नाही.

"विचारा, जरूर विचारा," बाबूजी म्हणाले. "हेडमास्तर, तुमची सहल मागच्या वर्षी आमच्या विहिरीवर पाणी प्यायला थांबली होती ना? विहिरीत मगर आहे असं कोण म्हणालं होतं?"

"हेच," हेडमास्तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "पोरं दोन कोस तहानलेली चालली."

"तेच हे. आता पुढे विचारा."

मी तोंड मिटलं. अपमान एवढा नेमका होता की मला दाद द्यावीशी वाटली.

"मंग ते रजिस्टर काढा," पाटील म्हणाला. "मी वाचून घेतो."

बाबूजींनी एक कोरा कागद घेतला, टाक दौतीशेजारी ठेवला. "रजिस्टर काढणं माझ्या हातात नाही. अर्ज घेणं माझं काम आहे. तुम्ही चौघं अर्ज लिहा, सह्या करा. मी पोच देतो, अर्ज वर पाठवतो. वरून हुकूम आला तर कपाट उघडेल. फक्त एक गोष्ट आधी समजून घ्या. रजिस्टर उघडलं म्हणजे एक नाव उघडत नाही, पान उघडतं. एका पानावर बारा ओळी असतात. पाटलांची ओळ तेवढी वाचायची आणि बाकीच्यांवर हात ठेवायचा, असं करता येत नाही. तुम्ही चौघं अर्जदार, म्हणून पान चौघांसमोर उघडेल. तेव्हा अर्जात असंही लिहा, की चौघांपैकी कोणाच्याही घरचं नाव दिसलं तरी आमची हरकत नाही."



मी त्या चेहऱ्यांकडे बघत होतो. सरपंचाची बायको मागल्या दिवाळीनंतर पंधरा दिवस माहेरी जाऊन आली होती, हे त्याला तेव्हा आठवलं असावं, कारण तो एकदम छताकडे बघायला लागला. अडत्या बोटांवर काहीतरी मोजत होता. रुपये नव्हते ते, महिने होते.

"मी सरकारी नोकर," हेडमास्तर म्हणाले. "मला अशा अर्जावर सही करायची तर आधी परवानगी काढावी लागेल."

"माहा चष्मा घरी राह्यला," अडत्या म्हणाला.

"पंचायतीत ठराव घ्या लागन," सरपंच म्हणाला. "मी एकटा कसा सही करू?"

"नका करू," पाटील म्हणाला. "द्या इकडे. मी एकटाच करतो." आणि त्याने टाक उचलून दौतीत बुडवला.

बाबूजींनी कागद त्याच्याकडे सरकवला. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. खिडकीतून गाडी दिसत होती. ती गाडीत तशीच बसलेली, मुलीच्या केसांतून हात फिरवत, आणि तिचं तोंड दवाखान्याकडे.

पाटील लिहायला वाकला, तेवढ्यात सरपंचाने त्याच्या मनगटावर हात ठेवला. "राहू द्या ना बाप्पा."

"काऊन? तुम्हीच म्हणाले चाला म्हणून."

"म्हणालो. पण घरच्या बायांच्या गोष्टी अशा कागदावर आणाच्या काय? आन् तुमच्या घरी का एकटी सूनच हाये? दोन पोरी हायेत, बहीण हाये. पान ते पान हाये, पाटील. एकदा उघडलं का मिटत नाई."

टाकाच्या टोकावर शाईचा थेंब जमला होता. तो कोऱ्या कागदावर पडला. पाटलाने त्या डागाकडे पाहिलं आणि टाक ठेवला. कोणाकडेही न बघता तो बाहेर गेला. बाकीचे तिघे त्याच्या आधीच दारात पोचले होते.

इतक्या लांब गाडी जुंपून आलं म्हणजे काहीतरी काम करून गेलेलं दिसायला हवं. पाटील गाडीजवळ जाऊन सुनेला म्हणाला, "पोरीचं खोकल्याचं औषध घ्याचं होतं ना? घे मंग." ती उतरून माझ्या खिडकीशी आली. बाटलीचं बूच मी दोनदा घट्ट लावलं. "दिवसातून तीन वेळा," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातलं एवढं आखूड भाषण ते एकच.

परत गेलो तर बाबूजी माठातलं पाणी पीत होते आणि अर्धं सदऱ्यावर सांडत होते. मी विचारलं, "पाटलाने सही केली असती तर?"

"तर पोच दिली असती."

"आणि वरून हुकूम आला असता तर?"

"वरच्यांनाही ते पाहता येत नाही. कोर्टातच जावं लागलं असतं."

"हे तुम्ही त्यांना सांगितलं नाही."

"त्यांनी विचारलं नाही," बाबूजी म्हणाले आणि कागदावरचा डाग टिपकागदाने टिपायला लागले.

महिनाअखेर तक्ता माझ्याकडे आला, औषधाच्या साठ्यापुढे सही करायला. मी तो कधी वाचत नसे. त्या दिवशी वाचला. जानेवारी: एक. रजिस्टरात नंबर दर वर्षी जानेवारीत नव्याने सुरू व्हायचे, पानही नवं लागायचं. म्हणजे त्या दुपारी लाल फडक्यात जे पान होतं, त्याच्या बारा ओळींपैकी अकरा कोऱ्या होत्या. चार कर्त्या पुरुषांनी त्या कोऱ्या ओळी आपापल्या घरच्या बायांनी भरल्या आणि पळ काढला. दुसऱ्या दिवशी बाबूजी रजा टाकून एस.टी.त बसले, तक्ता कोटाच्या आतल्या खिशात.

पुढे काय झालं असावं ते मी वहिनींच्या मदतीने जुळवलं. चौघेही घरी जाऊन गप्प बसले. काही विचारावं तर आपल्याला संशय आहे असं होतं, न विचारावं तर जेवण जात नाही. नवरा जेवत नाही म्हटल्यावर बायकांनी कारण काढलंच. आणि त्या गावच्या बायांत एकच बोलणं सुरू झालं: त्या दवाखान्यात पाटलालेही सांगितलं नाई. फेब्रुवारीत त्या बाजूच्या बाया आल्या. मार्चमध्ये आणखी आल्या. दाईकडे जाणाऱ्या होत्या त्या इकडे आल्या. बाबूजी रोज डबा उघडायला लागले आणि ठेच्याच्या बाबतीत उदार झाले.

मग वरून पत्र आलं: संख्येतील वाढीचे कारण कळवावे. बाबूजींनी खुर्चीवर बसून उत्तर लिहिलं, की परिसरातील चार प्रतिष्ठित गृहस्थांनी रुग्णालयास समक्ष भेट देऊन गोपनीयतेची खात्री करून घेतल्याने महिलांचा विश्वास वाढला आहे. वरचे लोक प्रसन्न झाले. पंधरा दिवसांत दुसरं पत्र: सदर गृहस्थांची नावे कळवावीत, जिल्ह्याच्या कार्यक्रमात शाल-श्रीफळ देऊन सत्कार करण्याचे योजिले आहे.

डॉक्टरीणबाई पत्र वाचून खुर्चीतच वाकल्या, हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी तर बाबूजींच्या टेबलाशी अक्षरशः हात जोडले. मला ते चित्र दिसत होतं. वर्ध्याचा मांडव, पाटील खांद्यावर शाल घेऊन बसलेला, शेजारी सरपंच नारळ सांभाळत, आणि माइकवरून कोणीतरी सांगतंय की कुटुंबातल्या स्त्रीच्या आरोग्यासाठी या थोर माणसांनी किती झीज सोसली. "बाबूजी, द्या ना नावं. त्यांची नावं काही त्या रजिस्टरात नाहीत. कोणतं कलम आडवं येतं?"

कोणतंच येत नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं. त्यांनी पुस्तक काढून दोनदा चाळलं. दिवसभर ते पत्र त्यांच्यासमोर होतं. मध्येच त्यांच्या ओठाचा कोपरा हलायचा, ते मिशीवर हात ठेवायचे. एवढा मोह झालेला मी त्यांना कधी पाहिला नव्हता.

पाच वाजता त्यांनी टाक उचलला आणि मला म्हणाले, खुर्चीवर बसूनच, पण वऱ्हाडीत, "स्टेजवर बसवलं का लोक पुसतीन, पाटील दवाखान्यात काऊन गेलते. कोणी ना कोणी खोदत बसन. मंग त्या पोरीचं निघन."

मग त्यांनी पत्राखाली सुरेख अक्षरात लिहिलं, 'नावे कळविता येत नाहीत', त्यावर 'गोपनीय'चा शिक्का मारला, मला बाहेर जायला सांगितलं आणि आतून कडी लावली. थोड्या वेळाने मी चहा घेऊन गेलो, तर आतून हसण्याचा आवाज येत होता. आधी दाबलेला, मग टेबलावर हात आपटून. मी दार वाजवलं नाही. कप हातात धरून त्यांचं हसणं संपेपर्यंत उभा राहिलो, आणि त्याला इतका वेळ लागला की चहा निवून गेला.